लेबर कॅम्पवरच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करतोय, कशी मांडणी करावी?

अर्धवट_इंजिनिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) चौदा जण आहोत, नऊ मुलं आणि पाच मुली. वाकड-ताथवडे पट्ट्यात एका मोठ्या साइटच्या मागे पत्र्याच्या नव्वदेक खोल्यांचा लेबर कॅम्प आहे. मुकादम कॅम्पच्या तोंडाशी असलेली रिकामी शेड द्यायला तयार आहे. ५ ते १३ वयाची चाळीसेक मुलं दिसतात. काही नांदेड-जालन्याकडची, काही लमाण तांड्यांवरची, बाकीची बिहार आणि बंगालची. त्यातली जेमतेम दहा-बारा शाळेत जातात.

प्रश्न असे:
१) दर रविवारी सलग तीन तास वर्ग घेतला तर चालेल का? आम्हाला तेच सोयीचं आहे.
२) शिकवायचं काय? शाळेचं पुस्तक की आणखी काही? पालक 'इंग्लिश शिकवा' म्हणतात.
३) वर्गणीचे ८,००० रुपये जमलेत. दप्तरं आणि वह्या वाटाव्यात असा विचार आहे.
४) शाळेत नाव घालण्याच्या भानगडीत आम्ही पडावं का?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा. 'छान उपक्रम, शुभेच्छा' नको, प्लीज.

---

खडूचा_डबा

आधी एक चौकशी करा. पुण्यात डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाइल क्रेशेस या संस्था बांधकाम साइटवर काम करतात. तुमच्या कॅम्पवर किंवा शेजारच्या साइटवर त्यांचं केंद्र असेल तर वेगळी चूल मांडू नका. त्यांच्याकडे साहित्य असतं, रोजची शिक्षिका असते. वाचनाच्या गटाला माणसं कमी असतात, तिथे तुम्ही चौदा जण सोन्यासारखे आहात. कोणीच नसेल तर पुढचं वाचा.

रविवार सोडून द्या. बहुतेक साइटवर खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी मिळते आणि मग घरदार बाजाराला निघतं. एका रविवारी तीस मुलं, पुढच्या रविवारी सात, असा खेळ होतो. दुसरं म्हणजे सात दिवसांपूर्वी दाखवलेला 'म' सहा वर्षांच्या पोराच्या लक्षात राहत नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तीन महिन्यांनी आपणच म्हणतो की मुलांना काही येत नाही.

तीन तास एकदम देण्याऐवजी आठवड्यातून चार दिवस सव्वा तास द्या. चौदा जणांच्या दोन तुकड्या करा, सात-सात. एक तुकडी सोम-मंगळ, दुसरी गुरू-शुक्र. रोज पाच जण लागतात: तिघं वाचनाच्या गटांना, एक अगदी लहानग्यांना, एक हजेरी आणि वरकामाला. उरलेले दोघं राखीव. आजारी पडणारा, प्रॅक्टिकल अडकणारा कोणीतरी दर आठवड्याला निघतोच. गट आणि दादा-ताई यांची जोडी मात्र बदलू नका. मुलं माणसाला धरून येतात.

एनएसएसचे वर्षाला १२० तास हा तुमचा हिशोब असणार. येण्याजाण्याचा वेळ सोडून आठवड्याला अडीच तास धरले, तयारीचा अर्धा तास धरला, तर वीस आठवड्यांचे साठ तास होतात. बाकीचे सर्वेक्षण, साहित्य बनवणं आणि शाळेच्या चकरा यात आरामात भरतात.

वेळ ठरवण्याआधी कॅम्पवर दोन संध्याकाळी नुसते बसा आणि टँकर कधी येतो ते बघा. टँकर आला की दहा वर्षांवरची सगळी मुलं कळश्या-डबे घेऊन रांगेत, मग तुमची गोष्ट कितीही रंगात आलेली असो. सात वाजल्यानंतर मोठ्या मुली चुलीपाशी अडकतात. साडेपाच ते पावणेसात ही वेळ बऱ्याच ठिकाणी जमते, पण डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, तेव्हा चार्जिंगचे दोन बल्ब हवेतच. आणि स्लॅबचा दिवस! स्लॅब भरायचा असला की आई-बाप रात्रीपर्यंत वर, आणि धाकटी भावंडं मोठ्या बहिणीच्या कडेवर. स्लॅबची तारीख सुपरवायझरला आठवडाभर आधी माहीत असते. त्याला विचारून ठेवा आणि त्या दिवशी फक्त गोष्टी आणि खेळ ठेवा.

कडेवरचं बाळ घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवू नका. कोपऱ्यात एक सतरंजी, चार चेंडू, प्लास्टिकचे डबे आणि तुमच्यातला एक जण. एवढ्याने आठ-दहा मुली वर्गात टिकतात. नाहीतर मुलींची गळती पहिल्याच आठवड्यात होते आणि 'मुलींना आवड नाही' असा उलटाच निष्कर्ष निघतो.

अजून एक. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी चालवलेल्या वाचनवर्गांचा संशोधकांनी अभ्यास केला होता. वर्गाला आलेल्या मुलांची प्रगती डोळ्यात भरणारी होती. पण त्या गावांमधल्या एकूण मुलांपैकी जेमतेम ८ टक्के मुलं वर्गाला पोचली. शिकवणं जमतं हो, हजेरी जमत नाही. म्हणून पहिले तीन आठवडे वर्ग सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी दोघांनी खोल्या-खोल्यांतून हाळी देत फिरायचं. हे काम कोणालाही आवडत नाही. ते टाळलं की संख्या चाळीसवरून पंधरावर येते, आणि उरलेली पंधरा बहुतेक आधीच शाळेत जाणारी असतात.

---

चौथी_ब

डबेवाल्यांनी वेळापत्रक सांगितलं, मी शिकवण्याचं सांगते.

शाळेचं पुस्तक पहिल्या दिवशी उघडू नका. इयत्ता आणि वय दोन्ही बाजूला ठेवा आणि प्रत्येक मूल आज कुठे आहे ते बघा. त्यासाठी 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाची वाचन चाचणी वापरा. २००५ पासून देशभर वापरात आहे, मराठी, हिंदी, बंगाली सगळ्यांत मिळते, फुकट आहे, एका पानाची आहे. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे पाच जणांना चाळीस मुलं एका संध्याकाळी तपासता येतात. मूल एकटं बसवा, बाकीच्यांचा गराडा नको. मागून कोणीतरी उत्तर सांगतंच.

सुरुवात परिच्छेदापासून करायची, अक्षरापासून नाही. चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद असतो, पहिलीच्या पातळीचा. तीनपर्यंत चुका आणि वाक्य वाक्यासारखं वाचलं तर पुढे गोष्ट द्या, ती दुसरीच्या पातळीची. परिच्छेद अडखळत, शब्द तोडून वाचला तर खाली शब्दांवर या. कोणतेही पाच शब्द, त्यातले चार बरोबर यायला हवेत. नाही आले तर पाच अक्षरं, त्यातली चार बरोबर. तीही नाहीत तर 'प्रारंभिक'. मुलाला 'चूक' म्हणू नका, चेहराही पाडू नका. नोंद त्याच्यासमोर लाल पेनाने तर अजिबात नको.

नव्या स्वयंसेवकांची इथे ठरलेली चूक होते. मूल बोलीत उच्चारतं आणि हे चूक धरतात. बिहारचं पोर 'चमचा'तला च हिंदीसारखा म्हणणार, मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत हे त्याला कोण सांगणार? ण चा न होणार, ळ चा ल होणार. बंगाली मूल 'वारा'ला 'बारा' म्हणेल. हे वाचनातले दोष नाहीत. आणि बंगालीच्या बाबतीत आणखी सावध राहा. अकरा वर्षांचा मुलगा देवनागरीत शून्य असेल पण बांगला लिपीत गोष्ट वाचत असेल, तर तो वाचक आहे. त्याला बांगला कागद देऊन बघा. त्याला सहा वर्षांच्या पोरांसोबत 'अ अननसाचा' करायला बसवलंत तर दुसऱ्या दिवशी तो येणार नाही. त्याला लिपी वेगळी शिकवा, दीड-दोन महिन्यांत येते.

आता गट. प्रारंभिक आणि अक्षरवाले एकत्र, शब्दवाले दुसरा, परिच्छेद-गोष्टवाले तिसरा. पाच-सहा वर्षांची मुलं या तिन्हींच्या बाहेर, त्यांना गाणी, चित्र, मणी. एका ताई-दादाकडे दहा ते बारा मुलं, पंधरा झाली की गट फोडा. तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा एकाच गटात येतील. मोठ्यांना लाज वाटते, म्हणून त्यांना गटातच साहित्य वाटायचं, नावं लिहायचं काम द्या.

रोजचा क्रम साधारण असा ठेवा. दहा मिनिटं एक गोष्ट बोट फिरवत मोठ्याने वाचून दाखवायची, सगळ्या गटांना, अक्षर न येणाऱ्यांनाही. मग दहा मिनिटं तिच्यावर गप्पा, त्या गोरमाटीत (लमाणांच्या बोलीत) झाल्या तरी चालतील, हिंदीत झाल्या तरी. मग वीस-पंचवीस मिनिटं बाराखडीचा तक्ता आणि शब्दांचे खेळ. मग पाटीवर किंवा वहीत लिहिणं, पंधरा मिनिटं. उरलेली पंधरा गणिताला.

बाराखडीत क-ख-ग-घ-ङ या क्रमाने जाऊ नका. ङ आणि ञ ने सुरू होणारा एक तरी शब्द सांगा बघू मुलाला! क, म, न, र, त, स, ल, ब ही आठ अक्षरं आणि काना घ्या. मका, नाक, कान, ताक, रस, बाक, माळ नको पण माल चालेल. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूल खरे शब्द वाचतं, आणि हीच त्याला परत आणणारी गोष्ट. नंतर दुसरी वेलांटी, मग मात्रा, ओकार, उकार. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि वाचताना नंतर, त्यामुळे 'किती'चं काहीही होतं. रफार आणि जोडाक्षरं परिच्छेद गटासाठी राखा.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष. आणि ख ला 'रव' वाचणारी मुलं हमखास भेटतात. एक पक्कं झालं की किमान दोन आठवड्यांनी त्याचं जुळं आणा.

दर पंधरा दिवसांनी हाच कागद पुन्हा. पातळी बदलली की मूल लगेच वरच्या गटात. 'महिना पूर्ण होऊ दे' असं करू नका.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, बंगाली पुस्तकं मोफत आहेत आणि छापायला परवानगी आहे. दोन्ही बाजूंनी छापून, मधून दुमडून, दोन पिना मारल्या की झालं पुस्तक. पहिल्या पातळीची वीस आणि दुसऱ्या पातळीची वीस पुरतात.

---

काडी_आणि_गठ्ठा

गणिताला पंधरा मिनिटं कमी आहेत, पण ठीक. निदान आठवड्याचा एक दिवस पूर्ण गणिताला द्या.

'असर'चा गणिताचाही कागद आहे: १ ते ९ ओळखणं, मग ११ ते ९९, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी (दोन गणितं, दोन्ही बरोबर हवीत), मग तीन अंकी भागिले एक अंकी. वाचनाचा गट आणि गणिताचा गट एकच असेल असं गृहीत धरू नका. कॅम्पवरची मुलं दुकानात जातात, वीसची नोट मोडतात, उरलेले पैसे तोंडी बरोबर सांगतात. कागदावर मांडलं की तेच गणित चुकतं. त्यांचं तोंडी गणित आधी ऐका आणि मग तेच कागदावर उतरवा.

मराठी आकड्यांचा एक खास घोळ आहे. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ किंवा ४१ लिहितं, कारण 'चाळीस' ऐकू आलं. हे मूल ढ नाही, ते कानाला इमानदार आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच'सारखी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात न पडता तुम्ही दोन्ही बोला: 'पंचवीस, म्हणजे दोन दशक पाच', आणि हातात दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे सगळे शेवटी, 'तीसला एक कमी' असे, गठ्ठ्यातून एक काडी खरोखर काढून.

काड्या १,००० घ्या, आइस्क्रीमच्या किंवा जाड खराट्याच्या. दहा मुलांना प्रत्येकी शंभर. रबरबँडचं पाकीट. हातच्याची वजाबाकी म्हणजे गठ्ठा सोडणं. ५२ मधून २७ काढायचे तर दोन सुट्यांतून सात जात नाहीत, एक गठ्ठा सोडा, बारा झाल्या. दहा वेळा हाताने सोडल्याशिवाय फळ्यावर 'हातचा एक' लिहू नका. खराट्याच्या काड्यांची टोकं मात्र कापा, डोळ्याला लागतात.

---

पुढचा_बाक

दप्तरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नका वाटू. पहिल्या दिवशी काही वाटलं की शेजारच्या तीन कॅम्पांची मुलं येतात, दुसऱ्या दिवशी 'आज काय देणार' विचारतात, तिसऱ्या दिवशी येत नाहीत. बिस्किटांचंही तेच. वाढदिवसाचे केक घेऊन येणारे कॉलेजचे पाहुणे तर दारातच थांबवा.

८,००० ची यादी: पाट्या ४० (प्लास्टिकच्या, दगडी पाटी फुटली की कडा लागते), खडू ६ डबे, सतरंज्या ४, बाराखडीचे मोठे तक्ते ४, गोष्टींच्या छापील प्रती, काड्या, हजेरीची वही, प्रथमोपचाराचा डबा, चार्जिंगचे बल्ब २, आणि कुलूप लागणारी एक लोखंडी पेटी. शेडमध्ये उघडं ठेवलेलं काहीही सकाळपर्यंत राहत नाही. वह्या फक्त शब्द गटाच्या वरच्यांना, एकेकच, आणि पेटीत ठेवायच्या. शंभर पानी चालते. पैसे उरतील.

पाटीवरची पेन्सिल घेऊ नका. मुलं ती खातात. माती-पेन्सिल खाणारं मूल दिसलं तर ते बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, आशाताईंना किंवा मनपाच्या दवाखान्यात दाखवा, ओरडू नका.

---

पटनोंदणी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पडा. संध्याकाळचा वर्ग शाळेची जागा घेऊ शकत नाही. फक्त क्रम नीट ठेवा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश (कलम ४), वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), वर्ष सुरू होऊन महिने उलटले तरी नाकारता येत नाही (कलम १५). दाखला गावाकडून यायचा आहे हेही अडवण्याचं कारण होऊ शकत नाही. दहा वर्षांची कधीच शाळेत न गेलेली मुलगी वयाप्रमाणे पाचवीत बसते आणि तिला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. कागदावर तरी असं आहे. प्रत्यक्षात ती पाचवीच्या वर्गात गप्प बसून राहते, आणि तुमचा संध्याकाळचा वर्ग तिथेच उपयोगी पडतो.

मुख्याध्यापक आधार मागतील. ते वाईट माणूस आहेत म्हणून नाही. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आधार-वैध पटावर होते, आधार नसलेलं मूल त्यांच्या हिशोबात धरलं जात नाही. कायद्याचं कलम तोंडावर फेकू नका. 'प्रवेश आज द्या, आधारसाठी आम्ही पालकांना केंद्रावर घेऊन जातो' असं म्हणा आणि खरंच घेऊन जा. एवढ्याने दहापैकी आठ ठिकाणी दार उघडतं. उघडलंच नाही तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि शिक्षण विभागाच्या पर्यवेक्षकांकडे जा. बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षकही असतात. शाळाबाह्य मुलांसाठीच ते काम आहे, शाळेत विचारा.

शाळेत जाण्याआधी कॅम्पची यादी करा. नाव, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, गाव-तालुका-जिल्हा, गावच्या शाळेत नाव आहे का, कितवीत, किती महिने इथे राहणार. ज्यांचं नाव गावच्या शाळेत आहे ती मुलं 'शाळाबाह्य' नाहीत, 'स्थलांतरित' आहेत. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवलं की इथल्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर गावी पुढे चालू. निघतानाच ते घेतलं तर काम सोपं. आता गावच्या गुरुजींना फोन करावा लागेल. फोन पालकांकडून लावा, शेजारी तुम्ही बसा.

प्रवेशाहून कठीण काम म्हणजे पोचवणं. शाळा दीड किलोमीटरवर आणि मधे हायवेचा सर्व्हिस रोड असेल तर प्रवेश घेतलेली मुलं दुसऱ्या आठवड्यात घरी बसतात. बिल्डरशी बोलायचं असेल तर वह्यांऐवजी सकाळ-दुपार एका गाडीसाठी बोला. गाडी नाही मिळाली तर कॅम्पमधल्याच एका मावशीला मुलांना नेण्या-आणण्यासाठी महिन्याचं मानधन द्या.

जाता जाता दोन गोष्टी. सहा वर्षांखालच्यांसाठी जवळची अंगणवाडी बघा. आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असलेल्या ठिकाणी लहान मुलांसाठी पाळणाघराची खोली द्यावी लागायची, तेव्हा इथे पाळणाघराचं काय, हे सुपरवायझरला सौम्यपणे विचारता येतं. पालकांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी (वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो) झाली तर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पण शाळेत ७५ टक्के हजेरी हवी. पालकांना शाळा पटवायला हे कारण भाषणापेक्षा चांगलं चालतं.

---

अर्धवट_इंजिनिअर

बापरे, इतकं अपेक्षित नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोन शंका.

इंग्रजीचं काय करायचं? पालक खरंच मागे लागलेत. एक बाई तर म्हणाली, मराठी तर आम्हालाही येतं.

आणि सेमिस्टरचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरात सबमिशन, ओरल, लेखी असं एकापाठोपाठ असतं. त्या दीड महिन्यात आमच्यातले तीन जण आले तरी खूप.

---

चौथी_ब

त्या बाई बरोबर बोलल्या, त्यांना टाळू नका. रोज दहा मिनिटं तोंडी इंग्रजी ठेवा: नाव, वय, रंग, हे दे, ते घे, एक-दोन गाणी. पालक बाहेर उभे राहून ऐकतात, त्यांचं समाधान होतं. एबीसीडी लिहिणं मात्र शब्द गटाच्या वर. ज्याला कोणतीच लिपी येत नाही त्याच्यावर एकाच वेळी दोन लिप्या टाकल्या की b-d आणि घ-ध दोन्हींचा चिखल होतो. मनपाच्या शाळेत सेमी-इंग्रजी असेल तर परिच्छेद गटाला गणितातले इंग्रजी शब्द द्या, add, subtract, hundred असे. पुढे वर्गात तेच कानावर पडणार आहेत.

(वरचे शब्द रोमनमध्ये टंकले गेले, क्षमस्व. बी-डी, अ‍ॅड, सबट्रॅक्ट, हंड्रेड असं वाचा.)

---

खडूचा_डबा

सेमिस्टरवर उपाय एकच: वर्ग वर्षभर चालवण्याचं सोंग करू नका. दोन टप्पे करा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर दहा-अकरा आठवडे, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर पुन्हा दहा. मधे बंद. भिंतीवर कॅलेंडर लावा, शेवटचा दिवस मुलांसमोर रंगवा. न सांगता गायब होणारे दादा-ताई या मुलांनी पुष्कळ पाहिलेत. तसंही दिवाळी ते छठ बिहारच्या खोल्या रिकाम्या असतात आणि होळीला पुन्हा. तुमच्या परीक्षा आणि त्यांची गावं बऱ्यापैकी जुळतात.

एका टप्प्याचं उद्दिष्ट लहान ठेवा, प्रत्येक मूल एक पातळी वर. प्लिंथ आणि स्लॅबची टोळी काम संपलं की दुसऱ्या साइटवर जाते, फिनिशिंगवाले येतात. जानेवारीत तुमच्यासमोरची निम्मी मुलं नवी असू शकतात. नव्याने चाचणी घ्या, यादी पुन्हा करा.

'आम्ही बीएड नाही' ही भीती कोणाला असेल तर सांगतो, 'प्रथम' या संस्थेचा बालसखी कार्यक्रम मुंबई आणि बडोद्यात वस्तीतल्याच मुलींनी चालवला. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन रोज दोन तास. त्या कार्यक्रमाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी आणि दुफ्लो यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं.

---

सावली_ताई

एक विषय कोणीच काढला नाही आणि तो पहिल्या दिवसाच्या आधीचा आहे.

चौदाही जणांची पोलीस पडताळणी करून घ्या, कॉलेजच्या पत्रावर. वर्गात कधीही एकटा मोठा माणूस आणि मुलं असं नको. कमीत कमी दोघं, त्यात एक ताई. शेडला दार असेल तर उघडं. कोणाच्या खोलीत एकट्याने जायचं नाही, मुलाला गाडीवर बसवून फिरवायचं नाही, मोठ्या मुलींचे नंबर घेऊन खासगी मेसेज नाहीत. पालकांचा नंबर घ्या. हे नियम लिहून प्रत्येकाची सही घ्या. राग येईल काहींना, येऊ द्या.

फोटो: चेहरे ओळखू येतील असे फोटो इन्स्टावर नको, एनएसएसच्या अहवालातही नको. हात, पाट्या, पाठमोरे गट चालतील.

एखादं मूल मार लागल्याचं किंवा कोणी अंगाशी खेळल्याचं सांगेल. तेव्हा ऐकून घ्या, दहा प्रश्न विचारून उलटतपासणी करू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन तर देऊच नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुकादमाला सांगून 'आपसात मिटवणं' हा पर्याय नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या आणि त्या वेळी कोण फोन करणार ते एक नाव आजच ठरवा.

साइटचा धोका वेगळा. शेड ते खोल्या या वाटेवर उघडे खड्डे, लोंबणाऱ्या वायरी, सळयांची टोकं कुठे आहेत ते सुपरवायझरसोबत एकदा चालून बघा. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी मागे येताना मुलं तिच्यामागे पळतात. वर्ग सुटल्यावर दोघांनी मुलांना खोल्यांपर्यंत सोडायचंच.

---

अर्धवट_इंजिनिअर

ठरलं असं: सोम-मंगळ आणि गुरू-शुक्र, साडेपाच ते पावणेसात, १५ जुलैपासून अकरा आठवडे. टँकर पाच वाजता येतो, आज विचारून आलो. दप्तरं रद्द. पडताळणीचे अर्ज या आठवड्यात. मधेच कॅम्प सोडून जाणाऱ्या मुलांचं काय करायचं तेवढं राहिलं. त्यांची पातळी पुढच्या ठिकाणी कोणाला कशी कळणार?

---

पटनोंदणी

एक चिठ्ठी द्या, पोस्टकार्डाएवढी. नाव, जन्मतारीख, गावची शाळा, इथे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वर्गात होता, वाचनाची शेवटची पातळी, गणिताची शेवटची पातळी, आणि संपर्क म्हणून कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांचा पत्ता. मराठीत आणि मागे हिंदीत. 'हुशार आहे, मेहनती आहे' असले शेरे नको. 'शब्द वाचतो, जोडाक्षरं बाकी' हे पुढच्या बाईंना जास्त उपयोगाचं. शाळेत नाव घातलं असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांनाही निघण्याची तारीख कळवा, नाहीतर ते मूल पटावर तसंच राहतं आणि पुढच्या शाळेत ऑनलाइन नोंद अडते.

टोळी हलायची खबर एक-दोन दिवस आधीच कळते, कधी त्याच रात्री. म्हणून चिठ्ठ्या शेवटी लिहायला बसू नका. दर पंधरवड्याच्या चाचणीच्या दिवशीच भरून पेटीत तयार ठेवा, आणि तिचा फोटो पालकांच्या मोबाइलवर पाठवून द्या. खोली मोडताना कागद हरवतो.